हातानं केलेल्या दागिन्यांतले खडे: सगळे एकसारखेच का हवेत?

मणिमाला_संभाजीनगर

लाजवर्दच्या (लॅपिस लाझुली, निळा दगड) मण्यात पांढरी रेघ दिसली की तो डागी, आणि माळेतले सगळे मणी एकाच निळ्या रंगाचे असले की ती अस्सल. गिऱ्हाइकांचा हा हिशोब मला साफ उलटा वाटतो, म्हणून हा धागा.

मी घरीच दागिने करते. अकीक (अ‍ॅगेट), लाजवर्द, टायगर आय, मूनस्टोन, तामडा, थोडा अमेथिस्ट. चांदीची तार नाहीतर रेशमी दोरा. सोन्याच्या वाटेला जात नाही. मणी जयपूरहून लडीनं येतात, घरी आले की मी ताटात ओतून बघत बसते. लाजवर्दातली पांढरी रेघ म्हणजे कॅल्साइट आणि सोनेरी ठिपके म्हणजे पायराइट. दोन्ही खाणीतूनच दगडाबरोबर आलेले. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून हजारो वर्षं हा दगड निघतोय आणि तो असाच निघतो. पांढरं फार असलं तर माल हलका, हे मान्य. पण जरासं असलं तर मला उलट बरं वाटतं. तरी परवा एक माळ परत आली, "मधले मणी बदलून द्या, जुने वाटायलेत" म्हणून.

अकीकाचं तर विचारूच नका. एकाच लडीत राखाडी, दुधी, मधाच्या रंगाचा, पट्ट्यांचा, बिनपट्ट्यांचा.

तर प्रश्न असा की रंग जुळवून, निवडून एकसारखेच मणी लावावेत, की जसे आले तसे ओवून "हा दगड असाच दिसतो" म्हणून विकावेत? आणि तुम्ही स्वतः घेताना काय बघता?

(फोटो चढत नाहीयेत, नंतर टाकते.)

सराफा_गल्ली

ताई, राग मानू नका, पण गिऱ्हाईक चुकत नाहीये. रंग, पाणी, आकार बघून जोड लावणं हेच आमच्या धंद्यातलं कसब. ढीगभर मोत्यांतून एका पाण्याचे मोती वेचायला कारागिराचे दिवस जातात, म्हणूनच जुळलेला सर महाग. एकसारखं म्हणजे खोटं, असं कुठं असतंय? तुम्ही न निवडता ओवलं आणि वर त्याला नैसर्गिक म्हणलात, तर मी म्हणेन कष्ट वाचवले. स्पष्ट बोललो.

आळशी_बोका

आमच्या घरी खडे फक्त तांदळात असतात. तेही एकसारखे नसतात. हलकेच घ्या.

काळा_पाषाण

भूगर्भशास्त्र शिकवतो, त्यामुळं राहवत नाही.

आपण ज्या काळ्या खडकावर राहतो तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्या राहिल्या. नंतर लाखो वर्षं सिलिका विरघळलेलं पाणी त्यांत झिरपत राहिलं आणि भिंतीवर थरावर थर बसत गेला. तोच अकीक. प्रत्येक थर बसताना पाण्यात काय होतं, लोह किती होतं, थराची घनता किती, यावर पट्ट्याचा रंग ठरतो. दोन पोकळ्यांत एकच इतिहास घडलेला नसतो, त्यामुळं एकसारखे पट्टे मागणाऱ्याला निसर्गाकडून माल मिळणार नाही. मधे जागा उरली तर तिथं स्फटिकाचे सुळे वाढतात, कधी जांभळे. विहीर खणताना असे गोळे आपल्याकडं निघतात, लोक फोडून टाकून देतात.

याच पोकळ्यांत झिओलाइट गटातली खनिजं सापडतात. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, आणि त्यांच्या शेजारी अपोफिलाइट. महाराष्ट्रातले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन बघा. दिसायला अकीकापेक्षा कितीतरी देखणे. पण दागिन्यात चालत नाहीत. दगडाचा कठीणपणा मोजायच्या मोह्स मापावर स्टिल्बाइट ३.५ ते ४, अपोफिलाइट ४.५ ते ५. अकीक ६.५ ते ७. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते ७ चे. म्हणजे अंगठीत अपोफिलाइट लावला तर नुसतं फडक्यानं पुसून पुसून त्याची चमक जाईल.

फर्दापूरचा_पाव्हणा

सर, तुमच्या त्या खनिजांवर आमच्या गावातली लई घरं चालतेत.

अजिंठ्याची लेणी बघून माणूस खाली आला की पोरं दगड घेऊन उभे. गारगोटीचा गोळा फोडलेला, आत सगळे स्फटिक चमकायलेले. आणि ते ओकेनाइट, पांढरं, फुटलेल्या बोंडातल्या कापसागत. हात लावला की त्याचे तंतू चिकटून बसतेत, परत फुलत नाहीत. आता गंमत ऐका. पांढरं कुणी घेईना, म्हणून त्याला गुलाबी, निळा, हिरवा रंग द्यायले. ते लगेच खपतंय. आम्ही सांगतो हो, रंग दिलेला आहे म्हणून. गिऱ्हाईक म्हणतंय, असू द्या, पोरीला निळा आवडतो. आता बोला, कुणाला काय शिकवायचं?

मणिमाला_संभाजीनगर

@फर्दापूरचा_पाव्हणा दादा, सांगून विकता ना, मग माझं काहीच म्हणणं नाही.

@सराफा_गल्ली काका, न निवडता कोण ओवतंय? तडा गेलेला, भोक तिरकं पडलेला मणी मी बाजूलाच काढते. उरलेल्यांत गडद कुठं, फिकट कुठं हे जमिनीवर मांडून ठरवते, त्यालाच निम्मा वेळ जातो. तुम्ही एका पाण्याचे शोधता, मी वेगवेगळ्या पाण्याचे शेजारी बसवते. कष्ट तेवढेच.

सुईदोरा

ताई, मीही ओवते, लातूरला. घेताना काय बघते ते सांगते.

पहिलं भोक. मणी कसाही रंगवलेला असो, भोकाच्या कडेला आणि बारीक चिरांमध्ये रंग जास्त साचतो. भिंगातून बघितलं की मण्याच्या अंगापेक्षा चीर गडद दिसते. खऱ्या रंगाच्या दगडात चिरेला असला भेदभाव नसतो. लडीचा दोरा पण बघायचा. पांढऱ्या दोऱ्यावर निळे-हिरवे डाग असले तर समजून जायचं.

दुसरं, नखाचा रंग काढायचं पाणी कापसाच्या बोळ्यावर घेऊन एखाद्या मण्यावर घासायचं. फिरोजा म्हणून जे स्वस्तात मिळतं ते बहुतेकदा रंगवलेलं हाउलाइट नाहीतर मॅग्नेसाइट. मूळचे पांढरे, सच्छिद्र दगड, रंग पटकन पितात. वरच्या काळ्या जाळीवर जाऊ नका, ती हाउलाइटलाही असते. मोत्याला, पोवळ्याला आणि राळ भरलेल्या खड्याला मात्र हे पाणी लावायचं नाही, वाट लागते.

तिसरं, काच. काच हातात घेतल्यावर लवकर कोमट होते, दगड बराच वेळ गार राहतो. आत गोल बुडबुडा दिसला तर काचच.

काळ्या अकीकाला यातलं काही लागू पडत नाही, कारण

सुईदोरा

(अर्धाच गेला.) कारण तो काळा रंग वरून दिलेला नसतो. राखाडी अकीक साखरेच्या पाण्यात मुरवतात, मग गंधकाच्या तेजाबात टाकतात. आत शिरलेली साखर जळून कोळसा होते. तो कोळसाच तो काळा रंग. कितीही घासा, निघत नाही. बाजारात काळा ओनिक्स म्हणून मिळतो तो जवळजवळ सगळा असाच.

आळशी_बोका

म्हणजे बायकोच्या गळ्यात करपलेला पाक आहे. घरी सांगू का नको?

दुधना_काठ

धाग्याचा विषय दिसण्याचा आहे ते ठीक, पण खरा बाजार राशीच्या खड्यांचाच आहे. माझ्या भावाला एकानं सव्वापाच रत्तीचा गोमेद दिला, साडेसातीत नोकरी टिकेल म्हणून. नोकरी गेली, गोमेद आहे. यावर कुणी बोलेल का?

तेरणा

नको. दोन्ही बाजूंचे लोक येतील आणि ताईंचे मणी राहतील बाजूला. वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन भांडेन.

मूळ मुद्द्यावर. आपण ज्याला रंग दिलेला, तापवलेला म्हणून नाकं मुरडतोय ते आपल्याच भागातलं फार जुनं काम आहे. पेरिप्लस नावाचा ग्रीक भाषेतला प्रवासग्रंथ आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या दोन्ही पेठांची नावं आहेत. पैठणहून भडोचच्या बंदराला पट्ट्यांचे अकीकी दगड मोठ्या प्रमाणात जात, आणि तगरहून कापड. वाट गाड्यांची. तेरच्या लामतुरे संग्रहालयात मणी ठेवलेत, कधी गेलात तर हस्तिदंती बाहुलीपाशीच थांबू नका, मण्यांकडंही बघा. भोक किती सरळ पाडलंय ते बघा. विजेचं यंत्र नव्हतं.

आणि तापवणं तर त्याहूनही जुनं. लाल अकीक खाणीतून बहुतेकदा तपकिरी, मातकट निघतो. गुजरातेतल्या खंबातचे कारागीर तो आधी उन्हात वाळवायचे, मग मडक्यात घालून शेणाच्या गोवऱ्यांच्या आगीत भाजायचे. आतल्या लोहाचा रंग पालटून लाल होतो. लोथलला हडप्पा काळातला मण्यांचा कारखाना आणि भट्टी सापडलीये. आता बोला, चार हजार वर्षांची पद्धत, ती नैसर्गिक म्हणायची की बनावट?

काळा_पाषाण

@तेरणा, मुद्दा पटला, पण सगळं एकाच पारड्यात नको. उष्णतेनं दगडाच्या आतलंच लोह रंग बदलतं, बाहेरून काही येत नाही, आणि झालेला बदल टिकतो. कापडाच्या रंगासारखा रंग पाजला तर तो उन्हात विटू शकतो, घामानं उतरू शकतो. बाजारातला बराचसा पिवळा सिट्रीन हा तापवलेला जांभळा अमेथिस्टच असतो. तो सिट्रीन नव्हे असं कुणी म्हणत नाही, पण तापवलेला आहे हे सांगायला काय हरकत? उलट न तापवलेला अमेथिस्ट खिडकीत महिनोन्‌महिने ठेवलात तर फिका पडतो. म्हणजे नैसर्गिक तेवढं टिकाऊ, हेही खरं नाही.

हैद्राबादी_मोती

मी नांदेडची, माहेर हैद्राबाद. आमच्याकडं अजून लग्नाचे मोती चारमिनारला जाऊनच घेतेत. निजामाचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली तरी मराठवाड्याची मोत्यांची वाट तीच आहे.

आता तिथं मिळतात ते बहुतेक गोड्या पाण्यातले, संवर्धित, आणि बरेचसे चीनमधून आलेले. त्यात वाईट काही नाही, मोतीच आहेत. माझ्या सासूबाईंना एकदम गोल लागतात. मला तांदळाच्या आकाराचे, वाकडेतिकडे, एका बाजूला खड्डा पडलेले आवडतात. वाकड्या मोत्यावर उजेड सरकताना जास्त छान दिसतो. आणि दुकानदार तेच स्वस्तात देतो, मग काय!

अत्तर, फवारा सगळं आधी मारून मग शेवटी मोती घालायचे. काढल्यावर मऊ सुती कापडानं पुसायचे, डब्यात सोन्यासोबत टाकायचे नाहीत. आणि दर दोन मोत्यांमध्ये गाठ हवी. दोरा तुटला तर एकच मोती पडतो, आणि मोत्याला मोती घासत नाही. पटवेकरी ही गाठ कशी मारतो ते एकदा शेजारी बसून बघा. सुई मोत्याला टेकवून गाठ सरकवत सरकवत थेट मोत्याच्या अंगाशी नेतो आणि सुई काढून घेतो. माझी कायम अर्धा दाणा मागं राहते.

सराफा_गल्ली

पटवेकऱ्यांची आठवण काढलीत, बरं वाटलं. आमच्या गल्लीत आता म्हातारेच उरलेत. पोरं मोबाइलच्या दुकानात.

खड्याच्या दिसण्यावर अजून एक. नुसता दगड चांगला असून भागत नाही, कापणाऱ्यानं तो कसा धरला त्यावर सगळं. मूनस्टोनची निळसर झाक दगडातल्या पातळ थरांतून येते. तो घुमटासारखा कापतात, आणि थर तळाशी समांतर राहिले तरच झाक डोक्यावर मधोमध येते. जरा तिरका कापला की ती कडेला पळते आणि लोक म्हणतात दगड मेलेला आहे. टायगर आयचंही तेच. त्यातला पट्टा तंतूंच्या रांगेला आडवा चमकतो. तंतू तळाला धरून राहिले नाहीत तर पट्टा सरकतो नाहीतर दिसतच नाही, नुसता तपकिरी खडा. ताई, तुमच्या लडीत असे तिरके कापलेले असतील तर ते जसे आले तसे मध्ये मोडत नाहीत. ती कारागिराची चूक. ती दगडाच्या नावावर खपवू नका.

मणिमाला_संभाजीनगर

हे मात्र शंभर टक्के. लिहून ठेवलं.

जरा_थांबा

सनस्टोन म्हणून ते तांबूस, आत चमचम करणारे मणी मिळतात त्याबद्दल कुणीच बोललं नाही? एका प्रदर्शनात माझ्या बहिणीला दिले.

सुईदोरा

ती काच हो. काचेतच तांब्याचे स्फटिक वाढवलेले असतात. चमक सगळीकडं सारखी, एकही जागा रिकामी नाही, एकही दाणा मोठा नाही, तिथंच शंका घ्यायची. खरा सनस्टोन फेल्डस्पार नावाच्या खनिजातला, त्यात चकाकी कुठं दाट कुठं विरळ असते. ओपलाइट म्हणून निळसर दुधी मणी देतात तेही काच. बहिणीला आवडले असतील तर खुशाल घालू द्या, पैसे मात्र काचेचे द्यायचे.

तांड्यावरची

एवढं काच काच काय लावलंय सगळ्यांनी?

माझी आजी बंजारा, तिच्या अंगावर आरसे, कवड्या, नाणी, काचमणी, शिसं. एकही मौल्यवान खडा नाही. त्या कामाकडं बघून आजवर कुणी विचारलं नाही की हे खरं का खोटं. आणि तुमच्या सगळ्यांच्या घरच्या मंगळसूत्रातले काळे मणी कशाचे आहेत? काचेचेच ना? त्याला कुणी नखाचं पाणी लावून बघतं का?

काच वाईट नाही. काचेला सनस्टोन म्हणणं वाईट. हातकामाची किंमत हाताची असते.

दुधना_काठ

हे आवडलं. (गोमेदाचं अजूनही कुणी बोलत नाहीये.)

परभणी_एक्स्प्रेस

मी दागिने करत नाही, फोटो काढतो. लग्नं, वाढदिवस, आणि हल्ली अशा घरगुती धंद्यांचे पण.

ताई, तुमच्या माळा परत येण्यामागं फोटो असू शकतो. ट्यूबलाइटखाली मोबाइलनं काढला तर मोबाइल स्वतःच रंग ठरवतो. लाजवर्द एकतर झगझगीत निळा येतो नाहीतर जांभळट. गिऱ्हाइकानं पडद्यावर जे पाहिलं ते घरी आलंच नाही, मग पांढरी रेघ डोळ्यात खुपणारच. खिडकीशी, थेट ऊन नको, सावलीतला उजेड. खाली साधा पांढरा कागद, तो फोटोत पांढराच दिसला पाहिजे. एक फोटो पूर्ण माळेचा, एक सगळ्यात रेघोट्या असलेल्या मण्याचा अगदी जवळून. तो लपवायचा नाही, तोच पुढं ठेवायचा. एक फोटो हातावर ठेवून, आकार कळायला.

आणि दगड ओला करून फोटो काढू नका. बरेच जण पाणी नाहीतर तेलाचं बोट लावतात. पृष्ठभागावरचे बारीक खड्डे पाण्यानं भरले की उजेड विखुरत नाही, रंग गडद आणि झिलई केल्यासारखा दिसतो. वाळला की परत फिका. दगड विकणारे हातात पाण्याची बाटली घेऊन का बसतात ते कळलं का?

फर्दापूरचा_पाव्हणा

ओ भाऊ, आमची बाटली प्यायची असते. उन्हाळ्यात या एकदा लेण्याला, मग कळंल.

परभणी_एक्स्प्रेस

😄 तुम्हाला नाही म्हणलो हो दादा!

जायकवाडी

विकत घेणारी म्हणून लिहिते, कारण ताईंनी तेही विचारलं होतं आणि इथं सगळे विकणारे, ओवणारे आणि मास्तर लोक बोलायलेत.

मला गळ्यातल्यात मणी वेगवेगळे चालतात, आवडतात सुद्धा. पण कानातल्यात नाही. दोन कानांत दोन रंगांचे अकीक आले की बघणारा विचारतो, एक हरवलं का? अंगठीत एकच खडा असतो, तिथं जितका विचित्र तितका छान. डोंगरासारखी रेघ असलेला एक अकीक माझ्याकडं आहे, तो मी कुणाला देणार नाही. कड्यात मधला मोठा मणी वेगळा असला तर चालतो, त्याच्या दोन बाजू मात्र एकमेकींशी जुळाव्यात. म्हणजे तुम्ही सगळ्या दागिन्यांना एकच नियम लावायलात तिथंच अडायलंय.

दुसरं म्हणजे पाठीमागची बाजू. पेटीबंद खड्याखाली पन्नी लावलेली असेल तर ती सांगा. धुताना पाणी आत गेलं की पन्नी काळी पडते आणि खडा रातोरात म्हातारा होतो. मागून उघडा खडा मला जास्त आवडतो, उजेडाला धरून बघता येतो.

आणि चांदीची तार म्हणून जर्मन सिल्व्हर देऊ नका. त्यात चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त. मला निकेलनं कानाची पाळी सुजते. तुम्ही देता असं म्हणत नाही.

सराफा_गल्ली

जायकवाडीताईंनी माझं आणि मणिमालाताईंचं भांडण फुकट मिटवलं. कानात जोड, गळ्यात मेळ. मान्य. पण मोत्याच्या सराला हे लागू नाही, तिथं मी हटणार नाही.

हैद्राबादी_मोती

तुम्ही आणि माझ्या सासूबाई एकाच दुकानात बसा.

तेरणा

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी डोळ्यासमोर आणा. गळ्यात मोती आहेत आणि त्यांत निळे खडेही. आणि लेण्यांमधल्या निळ्या रंगासाठी लाजवर्द कुटून वापरलेला आहे, तो अफगाणिस्तानाकडूनच, बाहेरून आलेला. म्हणजे ज्या दगडाच्या रेघेवरून ताईंची माळ परत आली, त्याच दगडाची पूड दीड हजार वर्षांपासून आपल्याच जिल्ह्यातल्या भिंतीवर आहे. गिऱ्हाइकाला हे सांगून बघा, माळेबरोबर तिकीटही खपेल.

मणिमाला_संभाजीनगर

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, हात पिठाचे आहेत म्हणून थोडक्यात.

प्रत्येक दागिन्याबरोबर चिठ्ठी देणार. त्यात दगडाचं नाव, आणि पुढं जे असेल ते: तापवलेला, रंगवलेला, राळ भरलेला, काच. काळ्या अकीकापुढं रंगवलेला असंच लिहिणार, मग कुणी घेवो न घेवो. जयपूरवाल्याला फोन करून विचारलं, तो म्हणाला, "मॅडम, हे कुणी विचारत नाही." मी म्हणलं, मी विचारायले. त्यानं लडीनुसार सांगितलं, बऱ्यापैकी सरळ सांगितलं. त्यावर विसंबणार नाही, सुईदोराताईंच्या पद्धतीनं एकेक मणी तपासणारच.

कानातल्यांना आजपासून जोड लावूनच. गळ्यातल्याला रेघोट्यांच्या मण्याचा जवळून फोटो पहिला. टायगर आयची लड काल उजेडात फिरवून बघितली, काकांनी सांगितलेले तिरके कापलेले निघालेच. ते वेगळे काढून ठेवलेत, मागच्या बाजूच्या गुंडीला चालतील.

एकच राहिलं. लाल अकीकाला "तापवलेला" लिहिलं की लोक दचकतात. तेरणाताईंनी लिहिलंय तसं खंबात आणि मडकं सगळं चिठ्ठीत मावत नाही. कुणी दोन ओळींत लिहून देईल का?

तेरणा

"हा दगड आगीत भाजून लाल होतो. लोथलपासून असाच करतात." मोबदला म्हणून एक अंगठी.

आळशी_बोका

ताई, थट्टा बाजूला. टायगर आयचं कानातलं आहे का? आईला हवंय. पट्टा मधोमध असलेलं, जोड लागलेली.

मणिमाला_संभाजीनगर

आहे. फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवते, खिडकीशी काढून. कोरडाच.